खोटा दाखला, खरी नोकरी

महिन्या-दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात एखादी तरी बातमी असतेच. कुठे शिक्षकाची पदवी बनावट निघते, कुठे लिपिकाचा टंकलेखनाचा दाखला; कुठे एखाद्या खेडेगावात पंधरा वर्षे सुया टोचणाऱ्या डॉक्टरकडे पदवीच नसते. आपण बातमी वाचतो, ‘चालायचेच’ म्हणतो आणि पान उलटतो. वसतिगृहाच्या कट्ट्यावर तर अशा बातमीला हळहळीपेक्षा कौतुकच अधिक मिळते. ‘बारा वर्षे खपवली बुवा त्याने!’ असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे हसतात. मला लिहायचे आहे ते ह्या हसण्याविषयी. दाखले छापणाऱ्यांचा समाचार घ्यायला पोलीस आहेत, न्यायालये आहेत. आपल्या हसण्याचा समाचार घ्यायला कोणी नाही.

पदवीच्या कागदाला आपल्याकडे एवढे मोल आले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असताना कागद तपासण्याची गरजच नव्हती. माणूसच ठाऊक असे. पुढे कारकुनी आणि मास्तरकी ह्या दोन दरवाजांवर परीक्षेची पाटी लागली. व्हर्नाक्युलर फायनल झालेला मनुष्य गावात जन्मभर ‘फायनल झालेले मास्तर’ म्हणून ओळखला जाई. इंग्रजी अमदानीत आपल्या नावापुढे ‘बी. ए. (नापास)’ असे लिहिणारेही होते. आज आपल्याला त्याचे हसू येते. पण त्या कंसातल्या शब्दात केवढा प्रामाणिकपणा होता! कॉलेजापर्यंत पोचलो, पेपर दिले, गाडी तिथे अडली. जे आहे ते असे आहे. आजचा हुशार मनुष्य कंसातला शब्द खोडतो आणि खोडून घेण्याचे पैसे मोजतो.

तो असे का करतो हे न कळण्याइतके आपण कोणी दुधखुळे नाही. उत्तर प्रदेशात २०१५ साली शिपायांच्या ३६८ जागांसाठी अर्ज मागवले होते. पात्रता काय, तर पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. अर्ज आले सुमारे २३ लाख, आणि त्यांत पीएच. डी. झालेले २५५ होते! पाचवीच्या जागेसाठी जिथे डॉक्टरेट रांगेत उभी राहते, तिथे आमच्या बी. ए.ला कोण विचारणार, हा प्रश्न आपल्या वर्गातल्या प्रत्येकाच्या मनात असतो. सर विचारतात तेव्हा आपण ‘एम. पी. एस. सी. करणार’ असे म्हणतो, एवढेच. गर्दी एवढी झाली की नोकरी देणाऱ्यालाही चाळणी हवी असते. काम करायला जेवढे शिक्षण लागते त्याहून कितीतरी अधिक मागायचे, म्हणजे रांग आपोआप तुटते. पण ज्या कागदाचा कामाशी संबंध नाही, तो कागद खोटा असला तरी काम अडत नाही, आणि काम अडले नाही म्हणजे लबाडी उघडकीस येत नाही. चाळणीला भोक पाडून देणाऱ्याचा धंदा तेजीत चालतो तो ह्यामुळे.

बिहारात काय झाले ते ह्या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखे आहे. तिथे २००६ पासून पंचायतींमार्फत शिक्षक नेमण्यास सुरुवात झाली. शाळा होत्या, मुले होती, शिक्षक नव्हते. तेव्हा भरती मोठ्या प्रमाणावर करायची होती. निवड मुख्यतः गुणपत्रिकेतल्या गुणांवर. ज्याचे गुण अधिक, तो शिक्षक. वरवर पाहता ह्यात वावगे काही नाही, वशिल्याला तर मुळीच जागा नाही असे वाटते. पण जरा विचार करा. परीक्षा होऊन पाच-दहा वर्षे झालेली. आता उमेदवाराने रात्रंदिवस अभ्यास केला तरी त्याचा एक गुण वाढण्याची सोय नाही. वाढवता येतो तो फक्त कागद. जी पद्धत अभ्यास करणाऱ्याला काहीच करू देत नाही आणि पैसे मोजणाऱ्याला सर्व काही करू देते, तिच्यातून दुसरे काय निपजणार? प्रकरण पाटणा उच्च न्यायालयात गेले. खोट्या कागदांवर लागलेल्या शिक्षकांनी आपण होऊन राजीनामे दिले तर त्यांच्यावर कारवाई होणार नाही, अशी सवलत न्यायालयाने २०१५ च्या उन्हाळ्यात दिली. थोड्याच दिवसांत सुमारे १,४०० शिक्षकांनी राजीनामे दिले. ज्यांनी दिले नाहीत त्यांची चौकशी करू जाता, नेमणुकीच्या वेळच्या कागदपत्रांचे फोल्डरच हजारोंच्या संख्येने सापडेनात. कागदाच्या जोरावर नोकरी मिळाली आणि कागदाच्या अभावी ती टिकली, असा हा चमत्कार.

ह्यावर ‘ते बिहार आहे हो’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तेव्हा आपलेच घर पाहू. शिक्षक व्हायचे तर पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे, असा नियम २०१० साली देशभर झाला आणि २०१३ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा होऊ लागली. २०१९ ची परीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली. त्यानंतर पुणे पोलिसांच्या तपासात असे आढळले की अनुत्तीर्णांना पैसे घेऊन उत्तीर्ण करण्यात आले आणि काहींच्या हाती तर थेट बनावट प्रमाणपत्रेच देण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पुढे २०२२ साली ७,८०० हून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करण्यात आली. कुंपणच शेत खाते ह्या म्हणीचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगायला ह्याहून चांगले उदाहरण मराठीच्या प्राध्यापकांना मिळणार नाही. आणि ज्यांना जुन्या काळाविषयी फार उमाळा आहे त्यांनी १९८६ आठवावे. एका मुख्यमंत्र्यांच्या कन्येच्या एम. डी.च्या परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले, न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर ह्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्या काळी निदान राजीनामे तरी होत, असे कोणी म्हणेल, म्हणोत बापडे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. खोटा दाखला वापरणाऱ्याच्या बाजूने आपल्या बोलण्यात दोन गोष्टी नेहमी येतात. पहिली अशी की, ‘बिचारा गरीब आहे, करील काय?’ ही गोष्ट खरी नाही. दाखला फुकट मिळत नाही. मधला माणूस पैसे घेतो, त्याच्या मागचा घेतो, कचेरीतला घेतो. ज्याच्या घरी एवढी रक्कम उभी राहते, निदान विकायला एकरभर जमीन आहे, तोच ह्या बाजारात जाऊ शकतो. ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीने जातो त्या मुलाला खोटा दाखलासुद्धा परवडत नाही. त्याला खरा मिळवण्यावाचून गत्यंतर नसते. रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळच्या तासाला डुलक्या घेणारी मुले आपल्या वर्गात आहेत. नावे सांगण्याची जरूर नाही. दाखला विकत घेणारा जी जागा घेतो ती सरकारची नसते, ह्या मुलाची असते. प्रतीक्षा यादीवर त्याचे नाव कुठेतरी एक क्रमांक खाली राहते, आणि आपल्या वरचा मनुष्य खोटा होता हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून तो तक्रारही करीत नाही. तो समजतो, आपणच कमी पडलो. चोरी झालेली असताना घरमालकाने स्वतःलाच दोष देत बसावे, असा हा प्रकार आहे, आणि कट्ट्यावर आपण कौतुक करतो ते चोराचे.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे, आणि मला तो बराच काळ अडवीत असे. ‘बारा वर्षे त्याने काम चोख केले ना? मग पदवीवाचून काय अडले?’ एखाद्या कचेरीत आवक-जावक नोंदवायला, पाकिटे चिकटवायला पदवी कशाला हवी, हे मलाही कळत नाही. नको असेल तर ती अट काढून टाकावी, त्यासाठी मोर्चा काढावा. मी पहिल्या रांगेत येईन. परंतु अट काढायची ती सर्वांसाठी. जाहिरातीत ‘पदवीधर पाहिजे’ असे वाचून बारावी झालेली हजारो मुले अर्जच करीत नाहीत. त्यांतली कित्येक ते काम ह्या महाशयांइतकेच चोख करतील. ती नियम पाळून घरी बसली. ह्याने नियम स्वतःपुरता गुपचूप रद्द करून घेतला आणि बाकीच्यांसाठी तो तसाच कडक राहू दिला. किंबहुना तो कडक राहण्यातच ह्याचा फायदा होता. तेव्हा ‘पदवी निरुपयोगी आहे’ हे सांगण्याचा अधिकार पदवी न घेतलेल्याला आहे, घेतलेल्यालाही आहे. नाही फक्त खोटी घेतलेल्याला.

डॉक्टर, औषधे देणारा, पुलाचे गणित करणारा ह्यांच्या बाबतीत तर हा प्रश्नही उद्भवत नाही. ‘मुन्नाभाई’ हा शब्द २००३ च्या चित्रपटानंतर आपण बोगस डॉक्टरांना सरसकट लावतो. नायक गोड होता म्हणून शब्दही गोड झाला आहे. सलाईन लावून घेणाऱ्याला तो तसा वाटत नसावा.

दीर्घ नोकरीचा बचाव न्यायालयांपुढेही अनेकदा मांडला गेला आहे. शिक्षणाच्या नव्हे, तर जातीच्या दाखल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळच्या एका प्रकरणात असे म्हटले की खोट्या दाखल्यावर झालेली नेमणूक ही कायद्याच्या दृष्टीने नेमणूकच नव्हे. पुढे २०१७ साली महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, दावा अवैध ठरल्यावर केवळ वर्षे गेली म्हणून नोकरीला संरक्षण देता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्यांचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला ते सगळे लबाड होते असे मी म्हणत नाही; त्यांत प्रामाणिक माणसे भरडली गेली असतील. पण ज्याने जाणूनबुजून खोटा कागद आणला त्याला, ‘इतके दिवस पचले, आता पचू द्या’, असे म्हणता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आणि पचते असे तरी कुठे असते? ह्या माणसाच्या संसाराचा विचार आपण कधी केला आहे काय? त्याचे सेवापुस्तक कचेरीच्या कपाटात असते आणि त्याचा जीव त्या कपाटात असतो. बदली झाली की धास्ती, पदोन्नतीची यादी निघाली की धास्ती. कागद पुन्हा मागतील म्हणून हक्काची बढतीसुद्धा ‘घरगुती अडचणी’ दाखवून नाकारायची. ज्याने दाखला करून दिला तो अधूनमधून भेटतो, लेकीच्या लग्नासाठी ‘हातउसने’ मागतो. ज्या कारकुनाला संशय आला आहे त्याला दिवाळीला मिठाई जाते. वरिष्ठाने चुकीच्या बिलावर सही मागितली तर हा नाही म्हणू शकत नाही. संपात पुढे होऊ शकत नाही. शिक्षक असेल तर कॉपी करणाऱ्या पोराचा कान धरताना त्याच्या हातात बळ येत असेल का, कोण जाणे. पगार खरा असतो, निवृत्तिवेतनाचा हिशेब खरा असतो, आणि तीस वर्षे हा मनुष्य स्वतःच्या नोकरीत भाडेकरूसारखा राहतो.

कायदा काय करतो म्हणाल, तर तो दाखला वापरणाऱ्याला बनवणाऱ्याइतकेच दोषी मानतो. जुन्या दंड संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तसेच आहे. मात्र अधिकार नसताना पदव्या वाटणाऱ्या दुकानांना १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने शिक्षा ठेवली ती जास्तीत जास्त एक हजार रुपये दंडाची! त्या काळी हजार रुपये ही रक्कम असेल. पुढे एका पदवीवर त्याच्या कित्येक पटींनी मिळू लागल्यावर त्याला दंड म्हणायचे की परवाना शुल्क? आयोग बनावट विद्यापीठांची यादी नियमाने प्रसिद्ध करतो. २०२४ च्या यादीत वीसेक नावे होती, त्यांतली आठ खुद्द राजधानी दिल्लीतली. महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूरचे एक नाव आहे आणि ते वर्षानुवर्षे त्या यादीत नांदते आहे. यादी छापणे हे काम आहे, दुकान बंद करणे हे काम नाही, अशी वाटणी झालेली दिसते.

बनावट विद्यापीठापेक्षा घातक प्रकार म्हणजे मान्यता असलेल्या विद्यापीठाने पदव्या विकणे. हिमाचल प्रदेशात सोलन येथे २००९ साली कायद्याने स्थापन झालेल्या मानव भारती विद्यापीठाविरुद्ध २०२० साली तपास सुरू झाला, तेव्हा हजारो पदव्या विकल्या गेल्याचा आरोप पुढे आला. त्या विद्यापीठात खरोखर हजेरी लावून, परीक्षा देऊन शिकलेली मुलेही होती. त्यांच्या पदव्यांची पडताळणी करायची तर कागदपत्रे तपासात अडकलेली. ‘मी खराच शिकलो आहे’ हे सिद्ध करण्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. कट्ट्यावर हसणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे. खोट्या नोटा बाजारात आल्या की दुकानदार खरी नोटही उजेडात धरून पाहतो. आपल्या पदवीकडे कोणी तसे पाहू लागले तर तो अपमान आपला, आपल्या गुरुजनांचा आणि ह्या दगडी इमारतीचा आहे.

मात्र ह्या इमारतीविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. प्राध्यापकवर्गाने रागावू नये. शिक्का खरा, सही खरी, कागद खरा, आणि मजकूर मात्र खोटा, असेही दाखले असतात, आणि ते कुठे छापखान्यात बनत नाहीत. पंचाहत्तर टक्के हजेरी भरल्याची नोंद कशी होते हे आपण सर्वजण जाणतो. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प पहिले पान बदलून मिळतो, आणि त्याला अंतर्गत गुणही मागच्या वर्षीइतकेच मिळतात. निदान सातत्य आहे. शिबिराला एक दिवस तोंड दाखवून सात दिवसांच्या श्रमदानाचे प्रमाणपत्र घेणारे आहेत. आणि चारित्र्याचा दाखला! तो तर छापील अर्ज भरला की खिडकीतून मिळतो. ज्या विद्यार्थ्याला लिपिकाने जन्मात पाहिलेले नाही त्याचे चारित्र्य ‘माझ्या माहितीप्रमाणे उत्तम’ असल्याची ग्वाही प्राचार्यांच्या सहीने दिली जाते. खोटी पदवी विकत घेणारा मनुष्य आकाशातून पडत नाही. सही असली की मजकूर खरा मानायचा, हे शिक्षण त्याला आधी कुठेतरी मिळालेले असते. आपल्याकडे परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ साली कायदा झाला, केंद्राने २०२४ साली आणखी कडक कायदा केला. दोन्ही असू द्यावेत; पण झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कायदा येत नाही, सर येऊ शकतात.

उपायांची मोठी यादी देण्याचा माझा विचार नाही. ती प्रत्येक परिसंवादात दिली जाते. एकच गोष्ट सांगतो, कारण ती होण्यासारखी आहे. आपल्याकडे नेमणूक आधी आणि पडताळणी मागाहून, असा क्रम आहे. उमेदवार रुजू होतो, वर्ष जाते, मग विद्यापीठाला किंवा कॉलेजला पत्र जाते, ते पत्र टपालात, टेबलावर, फायलीत मुक्काम करीत राहते. उत्तर येईपर्यंत गडी कायम झालेला असतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. २०१७ पासून पदव्यांची राष्ट्रीय पेढी सुरू झाली आहे, नव्या गुणपत्रिका संगणकावरून क्षणात ताडून पाहता येतात. प्रश्न आहे जुन्या नोंदींचा. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या निकालाच्या वह्या अनेक कॉलेजांत माळ्यावर, वाळवीच्या ताब्यात असतात, आणि खोट्या दाखल्यांवर तारखा बहुधा त्याच वर्षांच्या घातल्या जातात. बनवणाऱ्याला वाळवी कुठे लागली आहे ह्याची माहिती असते.

तेव्हा आपल्या कॉलेजने ह्या वर्षी तेवढे एक काम हाती घ्यावे. सुटीत आम्ही विद्यार्थी येऊ, वह्या खाली उतरवू, धूळ झटकू आणि पानांची छायाचित्रे काढून क्रमवार लावू. श्रमदानाचे प्रमाणपत्र द्यायचे असेल तर ते आम्हाला ह्या कामाचे द्यावे, आणि जितके दिवस आलो तितक्याच दिवसांचे द्यावे. नंतर कुठूनही पडताळणीचे पत्र आले की आठ दिवसांच्या आत ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर गेले पाहिजे. त्यासाठी कार्यालयात एखादा जादा लिपिक नेमावा लागला तर खुशाल नेमावा. त्याचा टंकलेखनाचा दाखला तेवढा रुजू करून घेण्यापूर्वी पाहून घ्यावा.